गुलछडीला मी बांधलं

पिकअपमध्ये संत्र्याचे कॅरेट रचून मी असे बांधतो की शेंदूरजनाघाटहून नागपूरच्या बाजारात पोहोचेपर्यंत एकही कॅरेट बोटभर सरकत नाही. हे माझ्या तोंडचं नाही, वरुडचे व्यापारी सांगतात. म्हणजे मीही सांगतो, पण ते आधी सांगतात. कोणाची गाडी भरून उभी असली की निरोप येतो, "कुंदनले बोलवा, बांधून देईल," आणि मी ताटावरून उठून जातो. गीतांजली, माझी बायको, म्हणते की तुमचं जेवण रोज दोरापायी थंड होतं. होऊ दे. गाडीच्या फळीवर पाय रोवून दोर ताणायचा आणि अशी गाठ मारायची की गाडी जितकी आदळेल तितकी ती आवळत जावी. ती गाठ आम्ही कधी सोडत नाही. माल उतरवायचा असला की बाजारातले हमाल सरळ विळ्यानं कापतात.

हे आधीच सांगून टाकलं, कारण पुढचं सगळं या कौतुकातूनच झालं.

माघात माझ्या धाकट्या भावाचं, मनोजचं लग्न ठरलं. मुलगी अकोटची, पण लग्न आमच्या दारात. आता आमच्याकडे नवरदेव उघड्या जीपमधून मारोतीच्या दर्शनाला जातो, वर गाणी लावून. वडिलांना ते मान्य नव्हतं. वामनरावांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, मनात एकच घोडी होती, अकोटजवळच्या हिवरखेडच्या भगवंतरावांची. दोघं तरुणपणी अकोल्याला शेतकी शाळेत एका खोलीत राहिलेले. एकाची काळी जमीन, कापूस आणि तूर. दुसऱ्याची संत्र्याची बाग. वर्षातून एकदा एकमेकांकडे जाणं आणि दिवसभर जुन्या मास्तरांच्या नकला करणं, एवढीच त्यांची मैत्री, पण पक्की.

भगवंतराव घोडी भाड्यानं देत नाहीत. अकरा वर्षं झाली, हिवरखेडमधला नवरदेव कोणत्याही घरचा असो, तो त्यांच्या गुलछडीवर बसून मारोतीला जातो. नवरदेवाची आई घोडीला ओंजळभर भिजवलेले हरभरे चारते, तेवढाच मान. घोडी पांढरीशुभ्र, निशिगंधाच्या फुलासारखी, म्हणून नाव गुलछडी. गावाबाहेर ती कधी गेली नव्हती. वडिलांनी फोन केला आणि भगवंतराव एका शब्दात हो म्हणाले. घोडी आणायचं काम माझ्याकडे आलं. गाडी माझी आणि बांधण्यात माझा हात धरणारा कोणी नाही, मग दुसऱ्या कोणाकडे जाणार?

लग्नाच्या तीन दिवस आधी मी हिवरखेडला पोहोचलो. भगवंतराव सत्तरीच्या घरातले, उंच, सदऱ्याच्या खिशात कायम काहीतरी कोंबलेलं: खिळा, सुतळी, गुळाचा खडा. त्यांनी आधी माझी गाडी तपासली. तळाला नदीची वाळू टाकायला लावली, वर माझ्याकडचं संत्र्याच्या पॅकिंगचं तणस पसरलं. गाडी मातीच्या ओट्याला मागून लावली, फाळका ओट्यावर टेकवला आणि गुलछडी त्यांच्या मागे अशी चालत आत गेली जशी घरातली बाई माजघरात जाते. मी हसलो. इतक्या सोप्या कामासाठी एवढा तामझाम.

त्यांनी दोर पुढच्या लोखंडी जाळीला बांधला आणि मला जवळ बोलावलं.

"पाह्य कुंदन, दोर एवढाच ठेवाचा. तिले मान खाली-वर करता आली पाहिजे. गाडी वळली का ती मानेनं तोल सांभाळते आन पाय फाकवते. म्हनून आजूबाजूले जागा मोकळी सोडजो. आन गाठ ही अशी. एक शेपूट ओढलं का सुटली पाहिजे. ती पडली-झडली तं तुयाजवळ खोलाले वेळ नसते."

त्यांनी शेपूट ओढलं, गाठ सुटली. पुन्हा बांधली, पुन्हा ओढली. मला तीनदा करून दाखवायला लावली. पोरांची बुटाची गाठ बरी, असं मी मनात म्हणालो.

"मीबी येऊ का संगं?" त्यांनी विचारलं.

"काहून त्रास घेता काकाजी? मी हाये ना. तुमी लग्नाच्या दिवशी आरामात एसटीनं या."

खरं सांगायचं तर त्यांच्या त्रासाचा विचार माझ्या मनात नव्हता. पाच-सहा तास शेजारी बसून ते "हळू घे, थांब, पाणी दाखव" करत राहणार, आणि ते ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती. दर तासाला थांबून घोडीकडे पाहायला त्यांनी सांगितलं होतं. मी होय होय म्हटलं आणि निघालो.

अकोटपर्यंत ठीक गेलं. अंजनगावपर्यंतही. आरशात मात्र मला ती सारखी हलताना दिसत होती. वळण आलं की एका बाजूला झुकायची, पाय सरकवायची, मान खाली घालायची आणि पुन्हा उभी व्हायची. तिचे खूर बाजूच्या फळीवर आदळून वाजत होते. माझ्या गाडीतून आजवर असा आवाज आला नव्हता. परतवाड्याला चहाला थांबलो तर तिथे एक ओळखीचा ड्रायव्हर उभा होता. त्यानं गाडीकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काय कुंदनभाऊ, आज तुमचा माल नाचून राहिला."

सगळे हसले. मीही हसलो, पण कान तापले. चहा अर्धा ठेवून मी गाडीत चढलो आणि गुलछडीला बांधलं.

बांधलं म्हणजे माझ्या पद्धतीनं. डोक्याचा दोर आखडून जाळीला वीतभर अंतरावर आणला. दोन निळे नायलॉनचे दोर तिच्या पाठीवरून दोन्ही बाजूंच्या कड्यांना. एक पोटाखालून. चारही ठिकाणी माझी गाठ. तिनं मान फिरवून माझ्याकडे पाहिलं, तेवढीही मान मग तिला फिरवता येईना. मी खाली उतरलो, गाडीला धक्का दिला. घोडी जागची हलली नाही. मी त्या ड्रायव्हरकडे पाहून मिशीवर हात फिरवला. हा हात फिरवलेला मला आज आठवला तरी तोंड लपवावंसं वाटतं.

चांदूर बाजार मागे पडल्यावर रस्ता मोकळा होता आणि मी गाडी पळवत होतो. आरशात सगळं स्थिर. एका वळणावर शेळ्यांचा कळप रस्त्यावर आला. मी ब्रेक दाबला. मागून जो आवाज आला तो मी लिहू शकत नाही.

फाळका उघडून पाहिलं तर गुलछडी पुढच्या गुडघ्यांवर कोसळली होती आणि तिचं डोकं वर जाळीला लटकत होतं. पाय फाकवायला जागा नाही, मान टाकायला दोर नाही. तोंडावरची दोराची मोहरकी तिच्या जबड्यात रुतली होती, डोळे पांढरे झाले होते. पोटाखालचा दोर तिला उठू देत नव्हता आणि पाठीवरचे दोर वळू देत नव्हते. मी गाठीला हात घातला. माझी गाठ. ती जितकी धडपडत होती तितकी गाठ आवळत होती. नखं उचकटली, दातांनी ओढलं, काही होईना. खिशात संत्री तोडायची छोटी कात्री होती. ती देठ कापते, त्या दोराला तिनं नुसत्या रेघा पाडल्या. सुट्या गाठीचं शेपूट ओढून दाखवणारा म्हातारा मला समोर दिसत होता.

शेजारच्या शेतात हरभरा सोंगणं चाललं होतं. तिथून एक बाई विळा घेऊन धावत आली. साठीची असेल. तिनं मला बाजूला सारलं, गाडीत चढली आणि आधी डोक्याचा, मग पोटाखालचा, मग पाठीवरचे दोर सपासप कापले. गुलछडी धाडकन आडवी झाली, मग थरथरत उभी राहिली. गुडघ्यांवरून रक्त वाहत होतं. बाईनं पदरानं तिचं तोंड पुसलं.

"असं बांधतेत का रे जनावराले?" ती मला म्हणाली. रागावून नाही, खरंच विचारल्यासारखं.

मी तिचे आभारसुद्धा मानले नाहीत. घोडीचा दोर जाळीला सैल अडकवला, शाळकरी पोराच्या सायकलीच्या वेगानं गाडी चालवली, आणि गावात पोहोचण्याआधी थांबून भगवंतरावांनी शिकवलेली सुटी गाठ मारून ठेवली. घरी सगळे धावले. "काय झालं?" वडिलांनी विचारलं.

"शेळ्यायले पाहून बुजली," मी म्हणालो. "गाडीतच उड्या मारल्या तिनं."

वाक्य इतकं सहज आलं की माझं मलाच नवल वाटलं. वरुडचे जनावरांचे डॉक्टर आले, औषध लावून गेले. हाड शाबूत होतं. रात्री गीतांजलीनं विचारलं, "गाडीतला दोर कापलेला काहून हाये?" मी तिच्यावर खेकसलो की लग्नघरात तुला दुसरी कामं नाहीत का. दोराचे तुकडे मी फेकून दिले, पण एका कड्याला एक गाठ तशीच राहिली होती. ती सुटत नव्हती आणि कापायला गाडीत चढावं, तिच्याकडे पाहावं, एवढं मन होत नव्हतं.

लग्नाच्या दिवशी सकाळी मनोज फेटा बांधून तयार. गुलछडी दोन दिवसांत बरी दिसत होती, गुडघे सुकले होते. मला वाटलं, निभलं. तिच्या पाठीवर झूल टाकली आणि झुलीचा पट्टा पोटाखालून घेतला, तशी ती मागच्या दोन पायांवर उभी झाली. ओरडली. दोन माणसं पडली, मनोजला नवरीचे मामा देवराव यांनी मागे ओढलं. ते अकोटचे, बोलायला फटकळ.

"असल्या बुजऱ्या घोडीवर पोरगा बसवता का?" ते म्हणाले. "कोन आनली हे बला?"

त्याच वेळी भगवंतराव फाटकातून आत आले. खांद्याला पिशवी, एसटीच्या प्रवासानं चुरगळलेला सदरा. गुलछडीनं त्यांना पाहिलं आणि ती शांत झाली, त्यांच्या छातीवर तोंड घासू लागली. त्यांनी तिचे गुडघे पाहिले, जबड्यावरची मोहरकीची रेघ पाहिली. तिच्या पोटाखाली हात नेला तशी ती आक्रसली. त्यांनी हात काढून घेतला. मग घोडी खांबाला बांधून ते मांडवात आले आणि सगळ्यांसमोर माझ्या वडिलांना आणि देवरावांना हात जोडले.

"माया जनावरानं शुभकार्यात खोळंबा केला," ते म्हणाले. "माफी द्या."

वडील "अरे भगवंता, काय करून राहिला" म्हणत त्यांचे हात धरत होते. मी वडिलांच्या शेजारी होतो, हातात विड्यांचं तबक. एक वाक्य बोलायचं होतं मला. तोंड उघडलंही. तेवढ्यात देवराव म्हणाले, "जाऊ द्या, जनावर ते जनावर," आणि मी तबक त्यांच्यापुढे धरलं. मनोज कोणाच्या तरी मोटारीतून मारोतीला गेला.

त्यानंतरचं ऐका. देवरावांनी दुपारीच अकोटला फोनवर हा किस्सा सांगितला, आणि अकोटहून हिवरखेड काय लांब आहे? संध्याकाळी पंगतीत मी भगवंतरावांना वाढत होतो तेव्हा त्यांचा फोन वाजला. हिवरखेडच्या लीलाबाई होत्या. त्यांच्या श्यामचं लग्न पंधरा दिवसांवर. म्हातारे फोन दूर धरून बोलतात, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"भाऊजी, राग नोका धरू. पन एकुलता एक पोरगा हाये. आमी मोटार सांगून टाकली."

"बरं केलं बाई," भगवंतराव म्हणाले. फोन ठेवला आणि मला म्हणाले, "वरन थोडं वाढ." त्यांनी ते खाल्लं नाही. अकरा वर्षांत गुलछडीला पहिल्यांदा नाही म्हटलं गेलं होतं आणि नाही म्हणायला लावणारा वरणाची बादली घेऊन समोर उभा होता.

दुसऱ्या दिवशी घोडी परत न्यायची म्हणून मी गाडी ओट्याला लावली. तिनं फाळक्यावर पाय ठेवला नाही. चार हात लांबच उभी राहून घामानं भिजली. भगवंतरावांनी जबरदस्ती केली नाही. "चालत नेतो," ते म्हणाले.

"हिवरखेड? दीडशेच्या वर किलोमीटर हाये," वडील म्हणाले.

"मंग आठ दिवस लागतीन."

मी म्हणालो, मी सोबत येतो. हे मी लाजेनं म्हणालो, पण मांडवातल्या लोकांनी त्याचं काही भलतंच केलं. संत्र्याचा हंगाम सोडून परक्याच्या घोडीसोबत पायी निघालेला पोरगा! वडिलांचे डोळे भरले. कोणी म्हणालं, कुंदनचं काळीज मोठं आहे. एका आजीनं माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. मला त्या क्षणी कोणी जोड्यानं मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

चालायला लागलो. भगवंतराव पुढे, त्यांच्या हातात दोर, मागे गुलछडी, तिच्या मागे भाकरीची पिशवी घेतलेला मी. वरुडपर्यंत ते नुसते शेतांबद्दल बोलले. तूर कशी आहे, मृग बहाराची संत्री किती धरलीत. वरुडच्या पुढे त्यांना पाणी प्यायचं होतं, त्यांनी दोर माझ्या हातात दिला. गुलछडी थांबली. मी ओढलं नाही, फक्त धरलं होतं. ती कान मागे टाकून उभी. भगवंतरावांनी दोर परत घेतला तशी चालायला लागली. हे त्या दिवशी तीनदा झालं. तिसऱ्यांदा तर मला वाटलं की म्हातारा मुद्दाम दोर देतोय.

मी रोज ठरवायचो. त्या पुलापाशी सांगू. या चहापाशी सांगू. "काकाजी" म्हणून सुरुवात करायचो आणि ते "काय रे?" म्हणून वळायचे, की मी विचारायचो, "भाकर खाता का?" दोन दिवसांत मी त्या माणसाला इतक्यांदा भाकरीचं विचारलं की त्यांना वाटलं असेल पोराला भस्म्या झाला आहे.

मोर्शी सोडली. याच रस्त्यानं पुढे गेलो की चांदूर बाजारच्या अलीकडे ते शेत येणार होतं, आणि शेतात ती विळेवाली बाई. मी म्हणालो, "काकाजी, आतल्या रस्त्यानं जाऊ. ट्रक कमी राहतेत. घोडी बुजनार नाई."

"नाई," ते म्हणाले. "ज्या रस्त्यावर तिले भेव बसलं तिथूनच न्यावं लागते. नाई तं ते तिथंच राहते."

तिसऱ्या दिवशी सकाळी ते वळण दिसलं. मला वाटत होतं की हरभरा सोंगून झाला असेल, शेत रिकामं असेल, देव एवढा तरी दयाळू असेल. शेतात बाया होत्या. गुलछडी वळणापाशी थबकली, अंगावर काटा आला तिच्या. आणि ती बाई उठून उभी राहिली, कपाळावर हात धरून पाहिलं, हरभऱ्याचा डहाळा घेऊन रस्त्यावर आली.

"बरी झाली व माय," ती घोडीला म्हणाली. डहाळा पुढे केला. गुलछडीनं तो तिच्या हातातून खाल्ला. मग बाईनं माझ्याकडे पाहिलं, मग भगवंतरावांकडे. "तुमची हाये का? मीच कापला होता दोर त्या दिवशी. पार्बताबाई मी. चारी बाजूनं आवळली होती जी, जशी काई कपाशीची गाठोडी. लटकली होती बिचारी."

मी रस्त्याकडे पाहत होतो. डांबरात एक खडा वर आला होता, तो मला आजही जसाच्या तसा दिसतो. आता म्हातारा वळेल, ओरडेल, आणि सुटेन मी, असं वाटलं.

"मले मालूम हाये बाई," भगवंतराव म्हणाले. "तुमचे उपकार झाले."

त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला. सुतळी आणि गुळाच्या खड्याबरोबर एक निळा दोराचा तुकडा बाहेर काढला. त्यावर माझी गाठ होती. कड्यावरची.

"तुमी कवा काहाडला?" मी विचारलं.

"लग्नाच्या दिवशीच. तुयी गाडी फाटकाबाहेर उभी होती. आत याच्या आधी म्या गाडी पाहिली. कड्याले जरा फट हाये, तिच्यातून सरकवत सरकवत काहाडला."

म्हणजे मांडवात हात जोडले तेव्हा तो तुकडा त्यांच्या खिशात होता. मी बांधावर बसलो.

"मंग हात काहून जोडले तुमी?"

"तुया बापाचा मांडव होता. भावाचं लग्न होतं. तिथं तुले उघडं पाडून मले काय भेटनार होतं?" ते गुलछडीच्या मानेवरून हात फिरवत बोलत होते, माझ्याकडे पाहत नव्हते. "म्या म्हटलं, सांगेल पोरगा. पंगतीत वाट पाहिली. वरुडले पाहिली. मोर्शीले पाहिली. तू आपला भाकर खाता का, भाकर खाता का."

पार्बताबाई हसली आणि मग तिला कळलं की हसण्यासारखं नाही. ती घोडीला दुसरा डहाळा आणायला गेली. मी रडलो. बत्तीस वर्षांचा माणूस रस्त्याकडेला बसून रडतो तेव्हा येणारे-जाणारे गाडी हळू करून पाहतात. मला त्याचंही काही वाटलं नाही. मी म्हणालो, काकाजी, चुकलो, तुमचे पाय धरतो.

"माये पाय कायले धरते?" ते म्हणाले. "माई काई तक्रार नाई. तिचं नाव खराब झालं. ते तुलेच साफ करा लागीन. आधी बापाले फोन लाव."

मी वडिलांना फोन लावला. लाडानं हॅलो म्हणाले. मी सगळं सांगितलं. परतवाड्याचा चहा, ड्रायव्हरचं हसणं, चार गाठी, शेळ्या, हा विळा. मग वडिलांनी विचारलं, "भगवंतानं हात जोडले तवा तू कुठं होता?"

"तुमच्या बाजूले."

फोन बंद झाला. त्यांनी तो त्यानंतर पाच दिवस उचलला नाही, आणि देवरावांना त्यांनी स्वतः अकोटला जाऊन खरं सांगितलं, हे मला नंतर गीतांजलीकडून कळलं. पण त्या क्षणी मला फक्त बंद फोनचा टूं टूं आवाज येत होता.

भगवंतरावांनी गाठीचा तुकडा माझ्या मांडीवर टाकला. "सोड हे. तवर घोडी चरते."

बाभळीचा एक काटा शोधला आणि बसलो. काटा मोडला, दुसरा घेतला. ऊन वर आलं. बायका शेतातून पाहत होत्या, पार्बताबाई पाण्याचा गडवा ठेवून गेली. मी आयुष्यात हजारो गाठी मारल्या असतील, सोडली एकही नव्हती. बोटांना रक्त आलं तेव्हा कुठे एक पेड सैल झाला, मग दुसरा. दोर सरळ झाला पण जिथे गाठ होती तिथे तो वाकडाच राहिला.

"आता लीलाबाईले लाव," भगवंतराव म्हणाले आणि नंबर सांगितला. गुलछडीच्या गळ्यातला दोर काढून त्यांनी खांद्यावर टाकला होता. ती बांधाकडेला मोकळी चरत होती, माझ्यापासून दहा हातांवर.

फोन उचलला गेला. मागे लग्नघराचा गलका होता.

"लीलाकाकू, मी शेंदूरजनाघाटहून कुंदन बोलतो. वामनरावांचा मोठा पोरगा. गुलछडीबद्दल सांगाचं होतं."

"ते झालं ना बापा. आमी मोटार सांगतली. बुजरी घोडी..."

"ती बुजरी नाई. म्या तिले गाडीत आवळून बांधली होती. काकाजीनं सांगतलं होतं तशी नाई बांधली, मायाच मनानं बांधली. म्हनून पडली. आन मंग लोकायले खोटं सांगतलं."

"तू बांधली?"

"होय. मीच बांधली."

तिकडे कोणीतरी हाका मारत होतं, लीलाबाईंनी त्यांना गप्प केलं. पोराच्या आईला परक्या माणसाच्या शब्दावर आपला एकुलता एक पोरगा घोडीवर बसवायचा की नाही हे ठरवायचं होतं, आणि तो परका माणूस स्वतःच सांगत होता की मी खोटं बोलतो.

"मंग आता कोन बांधते तिले?" त्यांनी विचारलं.

मी मान वर केली. भगवंतराव पार्बताबाईच्या गडव्यातून पाणी पीत होते. गुलछडी डहाळा चघळत माझ्याकडेच पाहत होती.

"कोनीच नाई काकू," मी म्हणालो. "रस्त्याच्या कडेले हाये, आन मोकळी उभी हाये."